चेनसॉच्या पट्टीला कोणतं ऑइल घालावं: खिशाला परवडणारं आणि अंगाला न बाधणारं

प्रश्न मंडणगड तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. त्याने गेल्या दिवाळीत ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं (पट्टी म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती) चेनसॉ घेतलं. बागांची छाटणी, पडलेली झाडं, लाकूडफाटा अशी कामं तो रोजावर घेतो. तो विचारतो: "बार ऑइल महाग पडतं. गॅरेजवाला म्हणतो जळकं ऑइल टाक, फुकट मिळतं. शेजारचे काका म्हणतात घरातलं गोडेतेल टाक. खरं काय, आणि स्वस्तात स्वस्त काय चालेल?"

आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे उद्या कामावर जायचं असेल तर तेवढं वाचून निघता येईल. जळकं ऑइल, म्हणजे इंजिनात वापरून काढून टाकलेलं, नको. सात वेळा गाळलं तरी नको. रोजचं काम असेल तर बार ऑइल (पट्टी-चेनसाठीच बनवलेलं चिकट ऑइल) आणि नवं, सीलबंद डब्यातलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून वापरा. बार ऑइल मिळालंच नाही तर नुसतं नवं २०डब्ल्यू-४० चालेल. विहिरीच्या काठावर, परसात किंवा आंब्याच्या छाटणीला जात असाल तर काकांचं गोडेतेल चालतं, पण त्याला एक अट आहे. ती पाळणं जमणार नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. अट पुढे सांगतो.

मी गेली २३ वर्षं दापोलीकडे स्प्रे पंप, गवत कापायची मशिनं आणि चेनसॉ दुरुस्त करतो. पावसाळा सोडला तर स्वतःही झाडं कापायला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, आंबे, फणस आडवे करून गेलं. रस्ते मोकळे करायला माणसं मिळेनात. ज्यांनी कधी चेनसॉ हातात धरलं नव्हतं अशा कितीतरी घरांत तेव्हा ते आलं. मशीन घेताना दुकानदार पेट्रोलमध्ये टूटी ऑइल किती घालायचं ते सांगतो, पण दुसऱ्या झाकणाखालच्या टाकीत काय घालायचं याबद्दल 'कुठलंही ऑइल चालतं' म्हणून मोकळा होतो. त्या एका वाक्याने किती पट्ट्या तापून निळ्या पडल्या आणि किती पंप बसले, ते मी माझ्या टेबलावर पाहिलंय.

मुळात एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून आपोआप कळेल. मोटरसायकलच्या इंजिनातलं ऑइल आतल्या आत फिरतं आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर आपण ते काढून टाकतो. चेनसॉच्या पट्टीचं ऑइल परत येत नाही. टाकीतून जाळी, जाळीतून पंप, पंपातून पट्टीच्या मागच्या बारीक भोकातून खाचेत, आणि खाचेत फिरणारे चेनचे खालचे दात ते ओढत टोकापर्यंत नेतात. टोकाला वळसा घेताना त्यातलं बरंचसं भिरकावलं जातं. उरलेलं पट्टीच्या खालच्या कडेला पोचतं, लाकूड कापताना खरा दाब तिथेच असतो. तिथून ते भुश्यात, लाकडावर, मातीत आणि तुमच्या उजव्या मांडीवर. टाकीत जेवढं ओतलं तेवढं सगळं बाहेर जातं. एक थेंब मागे राहत नाही.

वेग किती असतो तोही बघा. .३२५ इंच पिचची चेन (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं सरासरी अंतर), सात दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं चाक, आणि मिनिटाला १०,००० फेरे धरले तर चेन सेकंदाला १९ मीटरच्या वर पळते. म्हणजे ताशी जवळजवळ ७० किलोमीटर. एवढ्या वेगाने लोखंडावर लोखंड घासतंय आणि मध्ये आहे फक्त तेलाचा पापुद्रा.

आता हिशोब. ५८ सीसीच्या मशिनाची पेट्रोलची टाकी साधारण अर्ध्या लिटरची आणि ऑइलची पाव लिटरच्या आसपास. पेट्रोल संपताना ऑइलही संपत आलेलं असावं, अशीच त्यांची मापं ठरवलेली असतात. दिवसाला पाच टाक्या काम केलं तर सव्वा लिटर ऑइल. हंगामात शंभर दिवस काम धरा, १२५ लिटर. एका माणसाच्या एका मशिनातून अर्ध्याहून जास्त पिंप ऑइल दरवर्षी कुणाच्या तरी बागेत, गोठ्यामागे, विहिरीजवळ सांडतं. मग ते कोणतं ऑइल आहे याला महत्त्व नाही असं कसं म्हणायचं?

म्हणूनच जळक्या ऑइलबद्दल मी इतका हट्टी आहे. लोक म्हणतात, "ऑइल ते ऑइल, काळं झालं म्हणून काय झालं?" काळं झालं ते कशामुळे, ते बघा. इंजिनात जळून उरलेली काजळी, न जळलेलं पेट्रोल किंवा डिझेल, ज्वलनात तयार झालेली आम्लं, पिस्टन-सिलिंडर-बेअरिंग झिजून सुटलेले लोखंडाचे, तांब्याचे बारीक कण. एकदा एक गिऱ्हाईक पंप चालत नाही म्हणून मशीन घेऊन आलं. टाकीतून जाळी ओढून काढली तर ती दिसेचना, चिखलाच्या गोळीसारखी काळी झालेली. बोटाने दाबली तेव्हा बोटांमध्ये रेती चोळल्यासारखं वाटलं. जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तो गाळ पसरून उन्हात धरला, तर काळ्या डागात चकाकणारे ठिपके होते. ते सगळं पट्टीच्या खाचेत आणि पंपाच्या बारीक अळीसारख्या गिअरमध्ये फिरत होतं. कापडातून गाळून ऑइल 'साफ' करणाऱ्यांना सांगतो, कापडात मोठी घाण अडते. काजळी, आम्लं आणि इंधन कापडात अडत नाही.

यंत्राचं नुकसान एक वेळ भरून काढता येतं. अंगाचं तसं नाही. इंजिनात तापून गेलेल्या ऑइलमध्ये कर्करोग करणारी संयुगं साठत जातात, आणि ती कातडीतून बाधतात. ही भीती घालायला रचलेली गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या सूतगिरण्यांत 'म्यूल' नावाची कातणयंत्रं असत. त्यांच्या चात्यांचं कच्चं खनिज तेल कामगारांच्या पँटवर मांडीच्या वरच्या भागात वर्षानुवर्षं भिजत राहायचं. त्या कामगारांना जांघेत, वृषणाच्या कातडीवर कर्करोग व्हायचा आणि त्या रोगाला धंद्याचंच नाव पडलं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था शुद्ध न केलेल्या खनिज तेलांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. आता तुम्ही चेनसॉ कसं धरता ते आठवा. कापताना भुसा आणि तेल कुठे येऊन बसतं? उजव्या मांडीवर. तीच पँट संध्याकाळपर्यंत अंगावर असते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीही. माझ्याकडे पूर्वी मदतीला असलेल्या एका मुलाच्या मांड्यांवर आणि कोपरापर्यंत बारीक काळ्या तोंडाच्या पुळ्या यायच्या. आम्हाला वाटायचं घामोळं. ऑइल बदललं, रोज पँट धुवायला लावली, दीड-दोन महिन्यांत कातडी साफ झाली. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरलेलं ऑइल घालू नका असं लिहिलेलं असतं. आपण ती पुस्तिका खोक्याबरोबर टाकून देतो.

आणि जमीन. आपल्याकडे जांभा. पाणी वरून ओतलं की आत जिरतं, आत जिरलेलं विहिरीला जातं. जळकं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासतात, म्हणून ते आपल्याला घरातलं वाटतं. पण २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. गॅरेजवाल्याला ते तुमच्या टाकीत ओतणं सोपं, कारण त्याची कटकट जाते. तो ते फुकट देतो यातच सगळं आलं.

बरं, मग घालायचं काय? त्यासाठी दोन गुण वेगवेगळे ओळखायला शिका, जाडी आणि चिकटपणा. बहुतेक लोक दोन्ही एकच समजतात. जाडी म्हणजे ऑइल किती सावकाश वाहतं. चिकटपणा म्हणजे ते धातूला किती धरून राहतं, तार किती सुटते. चांगल्या बार ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घ्या, बोटं हळूच लांब करा. मधाच्या पाकासारखी तार सुटते आणि बराच वेळ तुटत नाही. ही तार त्यात घातलेल्या एका खास रसायनाने येते आणि तिच्यामुळेच टोकाच्या वळशावर ऑइल भिरकावलं न जाता चेनला धरून खाली येतं. आता तेच इंजिन ऑइलने करून बघा. जाडी सारखी वाटेल, पण तार लगेच तुटते. गिअर ऑइल घ्या, जाडी जास्त, तार तरीही नाही. म्हणून 'जाड म्हणजे चांगलं' हा हिशोब इथे चुकतो.

बार ऑइलची जाडी साधारण एसएई (ऑइलच्या जाडीचं माप) ३० ते ४० च्या घरात असते. कोकणात, देशावर कुठेही आपल्याला थंडीची काळजी नाही, उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेलं मशीन हात लावू देत नाही, तेव्हा ऑइल पाण्यासारखं होतं. विदर्भात ४५ अंशांत काम करणाऱ्यांना तर हे जास्तच जाणवेल. उन्हाळ्यात एसएई ४० कडे झुका, पावसाळ्यात आणि थंडीत ३० पुरतं. २०डब्ल्यू-४० दोन्हीकडे चालतं आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं, म्हणून मी तेच सुचवतो. त्यात तार नाही, त्यामुळे नुसतं वापरताना ऑइल कमी-जास्त करायचा स्क्रू थोडा उघडावा लागतो आणि खप वाढतो. म्हणजे लिटरमागे जे वाचतं त्यातलं काही असं उडून जातं. निम्मं बार ऑइल मिसळलं की तार बऱ्यापैकी येते, खप आटोक्यात राहतो आणि खर्चही कमी होतो. दोन्ही खनिज तेलं असल्याने ती नीट मिसळतात, वेगळी होत नाहीत. माझ्या स्वतःच्या मशिनात बागेबाहेरच्या कामाला हेच मिश्रण असतं. मशीन अजून वॉरंटीत असेल तर मात्र पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी बघा.

घेताना डबा सीलबंद घ्या. सुट्टं, पिंपातून काढून दिलेलं, 'नवंच आहे, जरा रंग गेलाय' असं ऑइल घेऊ नका. जळकं ऑइल साफ करून पुन्हा विकणारे आहेत.

जेसीबीवाल्यांकडे असतं ते ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल स्वच्छ असतं पण पातळ. अडीनडीला एक दिवस काढायला हरकत नाही, रोज नको. ९० नंबरचं गिअर ऑइल जाड आहे, लहान पंपाला ओढत नाही, आणि त्यातल्या गंधकाच्या रसायनांचा वास दिवसभर नाकात बसतो. टूटी ऑइल पेट्रोलसाठी असतं, महागही पडतं आणि पट्टीला पुरतही नाही. जाड ऑइल पातळ करायला डिझेल किंवा रॉकेल मिसळणारे खूप आहेत. तसं केलं की तेलाचा पापुद्राच फाटतो, शिवाय तापलेल्या सायलेन्सरजवळ तुम्ही ज्वलनशील फवारा सोडताय. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं तेल कुणी दिलं तर घेऊ नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, आणि ते माती-पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. तेवढं करून ते पट्टीला फार पातळच असतं.

आता काकांचं गोडेतेल. काका चुकीचं सांगत नाहीत. युरोपात जंगलात काम करणारे रेपसीडपासून (मोहरीच्या जातीचं बी) केलेलं वनस्पती तेल पट्टीला सर्रास वापरतात. ऑस्ट्रियाने तर १९९० च्या दशकापासून चेनसॉला खनिज ऑइल वापरायला कायद्यानेच मनाई केलीय. वनस्पती तेल इंजिन ऑइलपेक्षा पातळ असतं, साधारण तिसरा हिस्सा जाडी. तरी ते काम करतं, कारण ते धातूला आपोआप चिकटून बसतं आणि तापल्यावर खनिज ऑइलइतकं झपाट्याने पातळ होत नाही. अंगावर उडालं तर साबणाने निघतं, जमिनीत लवकर कुजतं. आंब्याच्या जुन्या झाडांचं पुनरुज्जीवन करताना, ज्याची शिफारस दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केलीय, मोठमोठ्या फांद्या कापून कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप) लावतात. त्या ताज्या कापावर जळकं ऑइल फासलेलं मला बघवत नाही. तिथे मी गोडेतेलच वापरतो. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेली बाग असेल तर मालकाला आधी विचारा, बहुतेक जण वनस्पती तेलच मागतील. भुसा गोठ्यात अंथरणार असतील किंवा खतात घालणार असतील तर तेच.

अट आता सांगतो. तेल पडून राहिलं की घट्ट होतं. मी ही शिक्षा भोगलीय. एका जूनमध्ये काम थांबलं तेव्हा मशिनात सोयाबीनचं तेल तसंच ठेवून ते माळ्यावर टाकलं. गणपती झाल्यावर खाली काढलं. चेन ओढून बघितली, हलेना. पट्टीवर पिवळट, नखाने खरवडली तर सालीसारखी निघणारी पापडी, आणि खाचेत डिंक भरल्यासारखा चिकटा. पंपाची तर अळीच जाम झाली होती. पट्टी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवली तेव्हा कुठे चेन सुटली, पंप मात्र नवा घ्यावा लागला.

सगळी तेलं सारखी सुकत नाहीत. जवसाचं तेल तर रंगकामात वापरतात ते सुकतं म्हणूनच, ते मशिनात अजिबात नको. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही त्या खालोखाल. शेंगदाण्याचं बरंच सावकाश, पामतेल त्याहून सावकाश. खोबरेल जवळजवळ सुकत नाही, पण २४-२५ अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या सकाळी टाकीत पांढरी लापशी झालेली दिसेल आणि पंपात काहीच येणार नाही. म्हणून खोबरेल नको. पामतेल स्वस्त असतं, कोकणातल्या हवेत दिवसा चालतं, पण महाबळेश्वरकडे थंडीत तेही घट्ट होतं. करंजाचं तेलही चांगलं, खाण्याचं नसल्यामुळे घरात कुणी ओरडत नाही, फक्त ते नीट गाळलेलं मिळायला हवं, गाळ जाळीत बसतो.

एरंडेल वेगळं आहे. ते सगळ्या वनस्पती तेलांत जाड, इंजिन ऑइलहूनही जाड. नुसतं वापरलं तर पंपाला जड जातं. चार भाग गोडेतेलात एक भाग एरंडेल घातलं तर मिश्रणाला थोडी जाडी येते आणि २२ इंची पट्टीवर ते जास्त टिकतं, हे मी दोन हंगाम वापरून बघितलंय. पण एरंडेल कधीही खनिज ऑइलमध्ये ओतू नका. ते त्यात विरघळत नाही, दोन थर होतात. टाकीच्या तळाशी एरंडेलच बसतं आणि जाळी तळाशीच असते.

तेव्हा वनस्पती तेल वापरायचं तर नियम एकच. रोज काम असेल तर काही करू नका, नवं तेल जुन्याला ढकलत राहतं. पण मशीन पंधरा दिवसांहून जास्त पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, थोडं खनिज ऑइल घालून पाच मिनिटं चालवा, पट्टी-चेन काढून पुसा. हे आठवणीत राहणार नसेल तर ५०-५० वालंच मिश्रण बरं.

वडापावच्या गाड्यावरचं तळून उरलेलं तेल फुकट मिळतं म्हणून वापरणारेही भेटतात. नको. ते आधीच अर्धवट घट्ट झालेलं असतं, त्यात मीठ असतं, मिठाने पट्टी गंजते. बारीक चुरा जाळीत अडकतो आणि मुंग्या लागतात ते वेगळंच.

स्वस्ताईचा खरा मार्ग मात्र ऑइलच्या डब्यात फारसा नाही. तो धारेत आहे. माझ्याकडे 'ऑइल पोचत नाही, पट्टी तापते' म्हणून येणाऱ्या मशिनांत कितीतरी वेळा ऑइल बरोबर असतं आणि चेन बोथट असते. भुसा बघा. धारदार चेन शेवेच्या तुकड्यांसारखे लांबट कण फेकते. बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागलं की तुम्ही मशीन दाबता, दाबलं की पट्टी तापते, तापली की ऑइल पातळ होऊन उडून जातं, आणि मग तुम्ही स्क्रू आणखी उघडता. नारळाच्या खोडात काथ्या असतो आणि किनाऱ्यावरच्या झाडांच्या बुंध्यात वाळू, तिथे एकेका टाकीला धार जाते. फणसाचा चीक दातांवर बसतो, तो काढल्याशिवाय कानस फिरवली तर कानसच घसरते. प्रत्येक टाकी भरताना दोन-दोन वेळा कानस फिरवली तर ऑइलही वाचतं, पेट्रोलही वाचतं आणि पाठ तर वाचतेच.

खाचेकडेही बघा. रोज संध्याकाळी पट्टी काढा, जुन्या हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने खाच मागून पुढे खरवडा. तेलात भिजलेला भुसा आत चिवडा होऊन बसलेला असतो. पट्टीच्या मागचं बारीक भोक काडीने मोकळं करा. ते भोक बुजलं असेल तर टाकीत सोन्याचं ऑइल घातलं तरी चेनला कोरडंच. पट्टी लावताना उलटी करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. चेन इतकी ताणा की ती खालच्या कडेला लोंबत नाही, पण हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढता येते.

आणि हे सगळं बरोबर आहे की नाही ते कागद सांगतो. एक पांढरा कागद किंवा ताजा कापलेला सुका ओंडका घ्या. मशीन चालू करून पट्टीचं टोक त्याच्यावर वीतभर उंच धरा, टेकवू नका. कागद असेल तर चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा. पाऊण थ्रॉटलवर दहा-पंधरा सेकंद चालवा. कागदावर बारीक ठिपक्यांची रेघ उमटली तर ऑइल पोचतंय. काहीच उमटलं नाही तर भोक, जाळी, स्क्रू या क्रमाने बघा. जाड थेंब पडायला लागले तर स्क्रू थोडा बंद करा, ते नुसतं वाया चाललंय. ऑइलचा प्रकार बदलला की ही परीक्षा दरवेळी करा, कारण पातळ-जाड बदललं की स्क्रूची जागाही बदलते.

पैशाचं एक सांगू? तुमचा रोजचा ऑइलचा खर्च तुम्ही मजुरीतून भरताय, म्हणून तो बोचतो. समजा चांगल्या ऑइलमुळे लिटरमागे १५० रुपये जास्त लागले, तर सव्वा लिटरला दिवसाचे १९० च्या आत. हा फरक खरा आहे, मी तो लहान म्हणणार नाही. पण तो कामाच्या दरात धरा. आमच्याकडे बरेच जण 'पेट्रोल-ऑइल मालकाचं' असं ठरवतात. तसं ठरवलंत तर ऑइल कोणतं ते तुम्हीच सांगा. मालक जळक्या ऑइलचा कॅन पुढे करेल तेव्हा त्याला विचारा, "तुमची विहीर कुठे आहे?" मी एवढंच विचारतो. आजवर तरी त्यानंतर कुणी तो कॅन पुढे केला नाही.

तुमच्या मशिनात आत्ता जळकं ऑइल असेल, आणि प्रश्नावरून तसंच वाटतं, तर ते असं काढा. मशीन थंड असताना, हातमोजे घालून, टाकी एका डब्यात उलटी करा. ते ऑइल परसात ओतू नका, ज्या गॅरेजमधून आणलंत तिथल्या पिंपात परत द्या. टाकीत थोडं नवं ऑइल घाला, झाकण लावून हलवा, तेही त्याच डब्यात काढा. असं दोनदा करा. वाकवलेल्या तारेने पाईपसकट जाळी ओढून काढा, दात घासायच्या जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून परत बसवा. पट्टी आणि चेन काढून रॉकेलमध्ये तासभर ठेवा, खाच खरवडा, पुसा, वाळू द्या. मग नवं मिश्रण भरा आणि कागदाची परीक्षा करा. पहिल्या कागदावर ठिपके करडे पडतील, पंपात आणि नळीत थोडं जुनं उरलेलं असतं. कागद बदलत राहा. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या कागदावर ते स्वच्छ पिवळे होतात. त्या दिवशी घातलेली पँट मात्र बाकी कपड्यांत टाकू नका, वेगळी, गरम पाण्यात धुवा.